आमची थोरली गरीब गाय

कुणी आपल्या मुलीचं कौतुक करताना ‘आमची पोर म्हणजे अगदी गरीब गाय’ असं म्हणालं, की मला तिथं बसवत नाही. लग्नाच्या बैठकीत मी एकदोनदा तोंडावर बोलून बसले आहे आणि त्यापायी नात्यातल्या लोकांनी मला बोलावणंही कमी केलंय. त्याचं मला काही वाटत नाही. ज्यांना हे दोन शब्द नुसते गोड वाटतात त्यांनी आमच्या आक्काला पाहिलेलं नाही.

इथं गरीब म्हणजे पैशानं गरीब नव्हे. दोन विहिरींचा मालकसुद्धा गरीब गाय असू शकतो. कुणाच्या अध्यात नाही मध्यात नाही, वर मान करून बोलत नाही, कुणी चार शब्द जास्तीचे ऐकवले तरी हूं की चूं करत नाही, असं माणूस. पुरुषालाही म्हणतात, पण पुरुषाला म्हणताना आवाजात थोडी कीव असते, थोडी थट्टा असते. गरीब गाय आहे बिचारा, कुणीही यावं आणि राबवून घ्यावं, असं. तेच मुलीला म्हटलं की प्रमाणपत्र होतं. आमच्याकडच्या बाजारात जनावर घेणारा आधी दात बघतो आणि मग विचारतो, मारकं तर नाही ना. विकणारा छातीवर हात ठेवून सांगतो, लई गरीब हाय, लेकराच्या हातात दावं द्या. मुलीचे दात बघत नाहीत, एवढाच फरक.

आमच्या गोठ्यातली गाय मात्र मुळीच गरीब नव्हती, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. तांबडी, आखूड शिंगांची आणि महातापट. आई धार काढायला बसली की लाथ झाडून चरवी उडवायची. आबा, म्हणजे आमचे वडील, तिच्या मागून जाताना चार हात लांबून जायचे. फक्त आक्का बसली की ती मुकाट उभी राहायची. आक्का तिच्या कासेला हात लावायच्या आधी कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटायची. मी एकदा विचारलं, काय सांगतेस तिला, तर म्हणाली, काय न्हाय, दुखतंय का इचारते.

आक्का माझ्याहून बरीच मोठी. मधली भावंडं जगली नाहीत, म्हणून आम्ही दोघीच. लोहाऱ्याहून कच्च्या रस्त्यानं आत गेलं की आमचं गाव, काळ्या मातीचं, नाल्याकाठचं. आडावर पाण्याला नंबर लागायचा तेव्हा आक्काची घागर कुणीही उचलून मागं सरकवायचं. ‘तुला काय घाई हाय बाई’ असं म्हणायचं आणि आपली पुढं ठेवायची. आक्का हसायची. मग मी पदर नसलेल्या कमरेवर हात ठेवून भांडायला उभी राहायची. माझ्या वाट्याचं भांडणही मीच आणि तिच्या वाट्याचंही मीच. घरी आल्यावर आई मला बोलायची, थोरलीकडं बघ, गरीब गाय हाय ती, तुला कोण पदरात घेणार. आणि ही गरीब गाय नंतर गोठ्यात मला बोलावून पदराच्या गाठीतल्या शेंगा द्यायची. माझ्यासाठी कुणी भांडलं की बरं वाटतंय, असं ती कधी म्हणाली नाही. पण शेंगा द्यायची.

तिला राग येत नव्हता असं नाही. राग आला की ती झाडलेलं अंगण पुन्हा झाडायची. खराटा जरा जोरात ओढायची, बस. हे मला माहीत होतं. आईला माहीत होतं की नाही, देव जाणे.

तिचं लग्न अणदूरच्या पुढच्या एका वस्तीवर झालं. मळा होता, न आटणारी विहीर होती आणि दाजी गावातल्या दूध सोसायटीत सकाळ-संध्याकाळ दूध मोजून घ्यायच्या कामावर होते. तेव्हा सोसायटी नवीनच निघाली होती आणि सोसायटीत काम करणारा जावई म्हणजे आईच्या लेखी निम्मा साहेबच. बघायला आले तेव्हा आई म्हणाली, आमची थोरली गरीब गाय हाय, दावं नसलं तरी जागची हलायची न्हाय. विहीणबाई हसून म्हणाल्या, आमाला तशीच पायजे. सगळे हसले. मीही हसले असेन, मला आठवत नाही.

वर्षं गेली आणि आक्काला मूल झालं नाही. अणदूरच्या खंडोबाला भंडारा उधळून झाला, तुळजापूरला जाऊन ओटी भरून झाली. माहेरी आली की आई तिला आडून आडून विचारायची आणि आक्का चुलीत बघत बसायची. सासू टोचून बोलत असणार हे आम्हाला कळायचं, कारण आक्का आमचंही अंगण दोन-दोनदा झाडायला लागली होती.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. तो ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको, ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळणार नाही. आधीचं वर्षही कोरडंच गेलं होतं, त्यामुळं कणगीच्या बुडाशी खरडायलाही काही उरलं नव्हतं. आई आणि आबा पाझर तलावाच्या कामावर जात. आबा खणायचे, आई मुरमाच्या पाट्या वाहायची. शाळा सुटली की मीही जायची. कामावर खायला सुकडीचं पीठ मिळायचं, रेशनच्या दुकानात परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची. त्या मिलोच्या भाकरीला वास यायचा आणि ती घशाखाली उतरत नसे, पण खाल्ली. तांबडी गाय छावणीत नेऊन बांधली, ती तिथंही चारा टाकणाऱ्यांना लाथा मारायची म्हणे.

आक्काच्या सासरची विहीर खोल गेली, पण आटली नाही. आणि नेमकं तेच आक्काच्या मुळावर आलं. विहिरीला पाणी असलेलं घर, सोसायटीत कामाला असलेला माणूस आणि पोटी मूल नाही. आजूबाजूच्या गावांतून लोक विहीणबाईंना सुचवायला लागले की दुसरी करा, मुलगी आम्ही दाखवतो. एरवी मुलीच्या घरचं माणूस सवतीवर लेक द्यायला सहजी तयार होत नाही. पण त्या साली दोन वेळची ज्वारीची भाकर मिळणारं घर दिसलं की लोक बाकी काही विचारायचे नाहीत. विहीणबाईंनीही ओळखलं, की ही वेळ गेली, पाऊस पडला, लोकांची पोटं भरली, की मग दुसरेपणाला कुणी मुलगी देणार नाही. म्हणजे दुष्काळ सरेपर्यंत जर हे टळलं असतं, तर कायमचं टळलं असतं. हे मला त्या वयातही समजलं होतं.

त्यांनी आक्काला विचारलं. म्हणजे सांगितलं. वर असंही म्हणाल्या, की आपल्या देवालाबी म्हाळसा अन् बानू दोघी हायेत, देवाला चालतंय ते आपल्याला न चालायला काय झालं. आक्का खाली मान घालून म्हणाली, तुमी म्हनाल तसं. दाजी ओसरीवर बसून ऐकत होते, ते काही बोलले नाहीत. ते वाईट नव्हते. नुसते बसून ऐकणाऱ्या माणसांना वाईट म्हणायची आपल्यात पद्धत नाही.

पहिली असताना दुसरी करता येत नाही असा कायदा तेव्हाही होता. पण कायदा तालुक्याला होता, वस्तीवर नव्हता. वस्तीवर पहिलीचा होकार हाच कायदा. आणि नव्या मुलीचे आईबाप जरा जपणारे असले तर नुसत्या होकारावर न थांबता पहिलीच्या माहेरी चौकशीला जायचे. सवत कशी आहे, हात उचलणारी आहे का, पोरीला पोटभर खाऊ देईल का, हे तिच्या आईबापाइतकं कोण सांगणार. उफराटा न्याय होता, पण रीत होती. पहिलीच्या माहेरच्यांनी तोंड वाकडं केलं, तर शहाणा माणूस पाऊल मागं घ्यायचा.

आमच्या गावची एक बाई आक्काच्या वस्तीशेजारी दिलेली होती. ती माहेरी आली आणि तलावाच्या कामावर आईला येऊन भेटली. सगळी हकीकत तिनंच सांगितली. शेवटी म्हणाली, तुमच्या लेकीनं निरोप दिलाय, पावणे चौकशीला यायलेत, आईला सांग. आईनं विचारलं, अजून काय म्हणाली? ती म्हणाली, काय न्हाय, एवढंच. मी निघाले तर बांधापर्यंत माझ्या मागं आली अन् पुन्यांदा तेच सांगितलं.

आईला वाटलं, पाहुण्यांची आबाळ होऊ नये, चहाला गूळ असावा म्हणून लेकीनं कळवलंय. ती तिथंच पाटी खाली ठेवून रडली आणि रडून झाल्यावर कुणाकडं गूळ मिळेल याचा विचार करायला लागली. माझ्या मात्र डोक्यात उजेड पडला. मी आईला म्हणाले, चौकशीला येतायत ना, मग आपण सांगायचं की आक्का वाईट आहे. आपल्या तोंडून ऐकलं तर ते मुलगी देणार नाहीत.

 आबा म्हणाले, हे मोडलं अन् त्यांनी थोरलीलाच हाकलून दिली तर? मी म्हणाले, एवढी काम करणारी बाई कोण हाकलतंय. आबांनी त्यावर विचार केला असावा, कारण पुन्हा विरोध केला नाही. एवढंच म्हणाले, तुमी मायलेकी बघा, मला खोटं बोलता येत न्हाय. जसं काही आईला येत होतं.

मग मी आईला शिकवायला बसले. आज त्या गोष्टीचं हसू येतं. मी म्हणायची, सांग, तोंडाळ आहे. आई म्हणायची, थोरली? कुनाला खरं वाटंल? मी म्हणायची, सांग, हात उचलते. आई तोंडावर पदर घ्यायची. मी म्हणाले, सांग की ताटात माती कालवते, तर म्हणाली, असं बोललं तर माझी जीभ झडंल. शेवटी घासाघीस करत आम्ही एका वाक्यावर आलो. ‘आमच्या थोरलीचा आमाला भरवसा न्हाय, तुमी तुमचं बघा.’ एवढंच म्हणायचं, पुढं काही नाही. आई पाट्या वाहताना ते वाक्य पुटपुटायची. खाली वाकताना ‘आमच्या थोरलीचा’ आणि पाटी डोक्यावर गेली की ‘भरवसा न्हाय’. शेजारच्या बाईला वाटलं, हिला भुकेनं भ्रम झाला.

पाहुणे आले ते कामाच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळचेच. मुलीचे आईबाप होते. लोहाऱ्यापर्यंत एस.टी.नं आणि पुढं पायी आले होते. मी त्यांना शत्रू समजून दारात उभी होते, आणि आले कोण, तर आमच्यासारखीच माणसं. माणसाच्या बोटांची पेरं खडी फोडून फुटलेली. बाईच्या डोक्यावर पाटीनं केस झिजून टाळू दिसत होती. आईच्याही डोक्यावर अगदी तिथंच दिसायची. घोंगडी अंथरली तर तिच्या कडेला बसले, मध्ये बसले नाहीत. बाई तांब्याभर पाणी एका दमात प्यायली आणि मग ओशाळून म्हणाली, तुमाला बी लांबून आनावं लागत असंल.

आईनं बिनदुधाचा चहा दिला. आबा भिंतीला टेकून जमिनीकडं बघत होते. बाकीचं काहीबाही बोलणं झालं, छावणीचं, सुकडीचं, कुणाच्या गावात कुणी गेलं त्याचं. मग त्या माणसानं कप खाली ठेवला.

“आमी काय तालेवार न्हाय,” तो म्हणाला. “पोर गुनाची हाय. दुसरेपनाला द्यायची म्हंजी काळीज तुटतंय. पर त्या घरात पानी हाय, भाकर हाय. एकच इचारायला आलाव. तुमची लेक माझ्या लेकीला जगू दील का?”

आईनं माझ्याकडं बघितलं. मी चौकट धरून उभी होते. आई म्हणाली, आमच्या थोरलीचा... आणि थांबली. मी मनातल्या मनात पुढचे शब्द तिच्या तोंडात ढकलत होते. तेवढ्यात ती बाई, खाली बघत, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, डोळ्याला डोळा लागत न्हाय, माझी पोर कुनाच्या हातात पडंल त्याचा घोर लागलाय.

आई सरकून तिच्याजवळ गेली. तिचा हात हातात घेतला.

“घोर करू नगा माय,” आई म्हणाली. “आमची थोरली गरीब गाय हाय. मुंगीला बी दुखवायची न्हाय. तुमच्या लेकीला पोटच्या पोरीवानी बघंल.”

ती बाई रडली आणि वाकून आईच्या पाया पडली. आईनं तिला वर उठवलं. त्या वेळी आईच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी अजून विसरले नाही. त्यात दुःख होतंच, पण क्षणभर अभिमानही होता. आपली लेक इतकी चांगली आहे की परक्या बाईनं तिच्या नावावर आपली पोर टाकावी, याचा अभिमान. मला त्याची इतकी चीड आली की मी तिथून निघून सरळ नाल्यात जाऊन बसले. नाल्यात पाणी नव्हतंच, वाळू होती. वाळूत मुठी आपटून मी ओरडून रडले, आणि तो दिवस आठवला की आजही मला तसंच करावंसं वाटतं.

पाहुणे गेल्यावर मी आईला म्हणाले, ठरलं होतं ना आपलं. आई म्हणाली, ती बाई माझ्यासारखीच हुती गं. आणि मग हळूच म्हणाली, माझ्या लेकीला मी वाईट कशी म्हनू, जग म्हणंल तेव्हा म्हणू दे. मी म्हणाले, जग कधीच म्हणणार नाही, कारण जगाचं तिच्यावाचून अडतंय. आईला ते कळलं नाही. मला तरी तेव्हा ते पुरतं कळलं होतं का, कोण जाणे, रागात तोंडाला आलं ते बोलले होते. पण आता म्हातारपणी विचार करते तेव्हा वाटतं, बरोबरच बोलले होते. गरीब गाय हे त्या माणसाचं वर्णन नसतंच. त्या माणसाच्या आसपासच्यांची किती सोय आहे, ते त्यात सांगितलेलं असतं. आडावरच्या बायकांची सोय होती, सासूची होती, दाजींची होती, त्या खडी फोडणाऱ्या बिचाऱ्या आईबापांचीही झाली. आक्काच्या मनात काय होतं ते या दोन शब्दांत कुठंच नव्हतं.

लग्न वस्तीवरच झालं, वाजंत्री नाही, मांडव नाही. मी गेले नाही. आबांनी कामाचं निमित्त सांगितलं. आई गेली, कारण पहिलीच्या माहेरचं कुणी नसलं तर बोलणी झाली असती, आणि ती बोलणी आक्कालाच खावी लागली असती. परत आल्यावर तिनं सांगितलं, नव्या नवरीला पहिली हळद आक्कानं लावली. तिचा हात धरून उंबऱ्याच्या आत आक्कानंच घेतली. तिथं जमलेल्या बायका म्हणत होत्या, मन असावं तर असं. आई हे सांगताना थांबत थांबत सांगत होती. मी तिच्याकडं पाठ करून ऐकलं.

पुढच्या साली पाऊस झाला. नाल्याला पाणी आलं, छावणीतून तांबडी परत आली, हाडं वर आलेली, तरी पहिल्याच दिवशी आबांना लाथ मारून मोकळी झाली. त्या वर्षी पंचमीला आक्का माहेरी आली आणि बरोबर सवतीलाही घेऊन आली. आमच्याकडं तशी रीत आहे. दुसरीनं पहिलीचं माहेर आपलं मानायचं, आणि पहिलीच्या आईनं दोघींची ओटी भरायची.

मी तिचा द्वेष करायचा ठरवून बसले होते. ते जमलं नाही. ती माझ्याहून थोडीशीच मोठी असेल, चेहरा गोल, पोट चांगलं पुढं आलेलं. कुणी हाक मारली की दचकायची. मला जवळ घेऊन म्हणाली, आक्का मला आधी जेवू घालत्यात अन् मागनं जेवत्यात, सांगून बी ऐकत न्हायत. ती आक्काला आक्काच म्हणायची, अगदी मी म्हणते तशी. मला ते ऐकवत नव्हतं. आईनं ओटी भरताना आक्कानं तिलाच पुढं केलं, म्हणाली, आधी तिची भर, ती दोन जिवांची हाय.  आणलेल्या दोन खणांतला त्यातल्या त्यात बरा कुणाला द्यायचा, ते आईला ठरवता येईना. शेवटी आक्कानंच तो उचलून त्या पोरीच्या ओटीत घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात आम्ही तिघीच होतो. ती पोर बाहेर उन्हात पाय पसरून डाळ निवडत बसली होती. आक्का भाकरी थापत होती, आई चुलीपुढं काटक्या सारत होती, मी पाट्यावर चटणी वाटत होते.  मग आक्का परातीतून नजर वर न करता म्हणाली,

“आई, त्या मानसांना तुझ्याकडं म्याच धाडलं हुतं.”

आई म्हणाली, कुठल्या मानसांना?

आक्कानं सगळं सांगितलं. तिला इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. सासू म्हणत होती, आमच्या सुनंनं व्हय म्हणलंय, आता चौकशीची गरज न्हाय. मुलीच्या बापालाही ते पटलं होतं, तो निघालाच होता. आक्का पाणी द्यायच्या निमित्तानं त्याच्या मागं मळ्याच्या वाटेपर्यंत गेली आणि म्हणाली, माझ्या माहेरी इचारल्याबिगर पोर देऊ नगा. आयुष्यात पहिल्यांदा कुणी न विचारता ती काही बोलली होती. मग आमच्या गावच्या बाईबरोबर निरोप दिला. बांधापर्यंत जाऊन पुन्हा दिला.

आईच्या हातातली काटकी तशीच राहिली. “मग नीट सांगायचं न्हाईस का गं,” ती म्हणाली. “का धाडलं ते सांगायचं की.”

“मला न्हाय म्हनता येत न्हाय, आई,” आक्का म्हणाली. “तुला तर ठावं हाय. म्हनलं, आई म्हनंल.”

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, आईला रडता तरी आलं असतं. आईनं हातातली काटकी चुलीत सारली. मग कसंबसं म्हणाली, मला तुला वाईट म्हणवलं न्हाय गं. आक्कानं मान हलवली. म्हणाली, व्हय, ती पोर सांगत असती कवा कवा, तुमची आई लई चांगलं बोलली म्हनं तुमच्याबद्दल.

तव्यावरची भाकरी तिनं उलटली. मी, जिला सगळे तिखट म्हणायचे, वाटलेलीच चटणी पुन्हा वाटत बसले. तेवढ्यात बाहेरून त्या पोरीनं हाक मारली, आक्का, जरा येता का, उठाया हुईना झालंय. आक्कानं हाताचं पीठ परातीत झटकलं आणि ‘आले गं’ म्हणत ती उठून गेली.